बिहेड म्हणजे हेड बनवणे

मामाजी, तुमच्या तेरवीला प्रमोदनं हायवेच्या कडेला फ्लेक्स लावला होता. तोच प्रमोद, ज्याला तुम्ही दहावीत वर्षभर मागच्या बेंचवर उभं ठेवलं, आणि ज्याचं आता लाखनीत फ्लेक्सचं दुकान आहे. फोटो छान निवडला होता त्यानं, चष्मा नाकावर घसरलेला. वर मराठीत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली, इंग्रजीच्या सरांना इंग्रजीत काहीतरी असावं म्हणून, 'शोकाकुल परिवार' या दोन शब्दांचं त्यानं स्वतःच्या डोक्यानं इंग्रजी केलं होतं. मोठ्या लाल अक्षरांत: बिहेडेड फॅमिली.

म्हणजे मुंडकी उडवलेलं कुटुंब.

तुमच्या लेकानं, विलासनं, तो सगळ्यांत आधी पाहिला आणि फोटो काढून मला पाठवला. मी स्वयंपाकघरात होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात पंगत बसायच्या बेतात, आणि मी मोबाईल हातात घेऊन वाचते तर हे. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मागच्या दारानं विहिरीकडे पळाले. मावशीबाई आणि शेजारच्या दोघी मागं आल्या. माझे खांदे हलताना पाहून त्यांना वाटलं, सुनेला हुंदका आवरत नाही. त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, "रडून घे माय, रडून घे," म्हणायला लागल्या, आणि त्या जितक्या हात फिरवायच्या तितके माझे खांदे जास्त हलायचे. तुम्ही असता तर मागच्या दारात उभं राहून म्हणाला असता, "सूनबाई, आता थांबू नको. थांबली तं पकडली जाशीन."

मग प्रमोद आला. तोंड एवढंसं झालेलं.

"मॅडम, चुकलं. सरांचा 'बी'वाला एकच शब्द ध्यानात होता. 'बी'पासून काहीतरी दुःखाचं असते, येवढं आठवून राहिलं होतं."

त्याला बिरीव्ड म्हणायचं होतं, शोकाकुलसाठीचा इंग्रजी शब्द. त्याचा दोष नाही, मामाजी. आयुष्यभर तुम्ही पोरांना इंग्रजीतला एकच शब्द जीव लावून शिकवला. बाकी सगळा नुसता पोर्शन होता.

त्यानं संध्याकाळपर्यंत त्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली. पण तोपर्यंत रायपूरकडचे किती ट्रक तो मजकूर वाचून गेले असतील, देव जाणे.

तुमच्याबद्दल शोकसभेत लोक पुष्कळ बोलले. शिस्तप्रिय म्हणाले, विद्यार्थिप्रिय म्हणाले. कोणी या शब्दाचं नाव काढलं नाही. तुमच्या मंडळी, आमच्या आत्याबाई, समोर बसल्या होत्या म्हणून असेल. मी ठरवलं, ते आपण तुमच्याशीच बोलावं.

मी तुमच्या घरात आले तीच या शब्दामुळे. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. तुम्ही, आत्याबाई आणि विलास मला पाहायला एकोडीला आलात. धान नुकतंच निघालं होतं, अंगणात तणसाचा ढीग होता आणि बाबांनी त्याच्या अलीकडे खुर्च्या मांडल्या होत्या. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. आत्याबाईंनी विचारायचं ते विचारलं: स्वयंपाक येतो का, धान चुरायला खळ्यावर जाते का, चष्मा कधीपासून. विलास पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता. मग तुम्ही विचारलं, "शिकली काय?"

"बी.ए. झाली. इंग्रजी घेऊन."

तुम्ही खुर्चीत पुढं सरकलात. मांजरीनं दुधाची वाटी पाहिल्यावर सरकावं तसे. "इंग्रजी घेऊन? मंग सांग बरं, बिहेड म्हणजे काय?"

बाबांच्या हातातला चहा थांबला. माझ्या काकूला वाटलं, तुम्ही बिऱ्हाड विचारून राहिले. ती पटकन म्हणाली, "आमचं बिऱ्हाड मोठं हाये जी, चार भाऊ एकत्र." मला तो शब्द आठवत नव्हता. पण मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हते. मी मनात हिशेब केला. फ्रेंड म्हणजे मित्र, बिफ्रेंड म्हणजे मित्र बनवणे. मग हेड म्हणजे? आमच्या गावात हेड म्हणजे एकच, हेडमास्तर.

"बिहेड म्हणजे हेड बनवणे," मी म्हणाले. "जसं शाळेत कोणाले हेडमास्तर बनवतात."

आधी तुमचे खांदे हलले. मग पोट. मग ते प्रसिद्ध हसू आलं, जे लाखनीत लोकांना गल्लीच्या टोकावरून ओळखू यायचं. पोह्यांची प्लेट तुमच्या मांडीवरून घसरली, तणसाशी बांधलेला गोऱ्हा उठून उभा राहिला. बाबांचं तोंड लाल झालं. आत्याबाईंनी तुम्हाला कोपर मारलं. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "बिहेड म्हणजे मुंडकं उडवणे, पोरी! तलवारीनं! सपकन!"

"अगं बाई, शुभ कामात हे काय," काकू म्हणाली.

"पण हिनं डोकं लावलं," तुम्ही बाबांना म्हणालात. "उत्तर चुकलं, पण विचार करून चुकलं. माझ्या वर्गातली पोट्टी पाठ करून चुकतात. मले हेच घर पाह्यजे."

आत्याबाईंनी परतीच्या वाटेवर म्हणे तुम्हाला सांगितलं, "पोरीचं उत्तर चुकलं म्हनून लग्न जमवनारा सासरा मी पह्यल्यांदा पाह्यला."

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. लोकांना सांगताना तुम्ही इथंच थांबायचात. पुढची कधी सांगत नव्हतात. मी सांगते.

माझं लग्न झालं त्याच सुमारास तुमच्या शाळेचे हेडमास्तर निवृत्त झाले आणि संस्थेनं प्रभार तुमच्याकडे दिला. प्रभारीच, पण हेड. तुम्ही किती खूश होता, ते तुम्ही लपवायला पाहत होता आणि तुम्हाला जमत नव्हतं. शाळेत जाताना आरशासमोर दुसऱ्यांदा उभे राहायचात. आणि घरी आल्यावर एकच विषय: मागच्या दोन वर्गांचं कौलारू छप्पर. पावसात ते वर्ग गळायचे, पोरं बाकं भिंतीला लावून उभी राहायची. "यंदा कवेलू काढून टिना टाकतो," तुम्ही म्हणायचात. जेवताना तांदळाच्या शितांनी ताटात तुम्ही छपराचा उतार काढून दाखवायचात.

आणि याच काळात तुम्ही स्टाफरूममध्ये माझी गोष्ट सांगत होता. रोज. नवा माणूस आला की परत. "आमची सून म्हणते, बिहेड म्हणजे हेड बनवणे! म्हणजे मले संस्थेनं बिहेड केलं!" असं म्हणून तुम्ही हसायचात आणि स्टाफरूम हसायची. संस्थेचे अध्यक्ष त्या दिवसांत शाळेत चकरा मारत असत. राईस मिलचे मालक, स्वभावानं तसे बरे, पण इंग्रजीवर त्यांचा फार जीव. कुठलाही नवा इंग्रजी शब्द कानावर पडला की उचलायचे. दारातून जाताना त्यांनी गोष्टीचं शेपूट ऐकलं: 'संस्थेनं मले बिहेड केलं.' तुम्ही आनंदात होता, सगळे हसत होते. साहेबांनी शब्द खिशात टाकला.

स्नेहसंमेलन आलं. मी नवी सून, आत्याबाईंबरोबर पुढच्या ओळीत बसले होते. स्टेजवर साहेब, शिक्षण खात्याचे एक पाहुणे, आणि नवा कोट घातलेले तुम्ही. साहेब भाषणाला उठले. पाहुण्यांसाठी थोडं इंग्रजीत बोलतो म्हणाले. आणि तुमच्याकडे हात करून, अभिमानानं, माईकमध्ये तोंड घालून इंग्रजीत जे बोलले, त्याचं मराठी असं होतं:

"या वर्षी मी स्वतः चोपकर सरांचं मुंडकं उडवलं आहे, आणि तेव्हापासून ते शाळा फार चांगली चालवून राहिले."

पाहुण्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. शिक्षकांच्या रांगेत कोणीतरी खोकलं. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुमचे खांदे हलायला लागले होते. तुम्ही ओठ चावले. छताकडे पाहिलं. रुमाल काढला. साहेबांना वाटलं, सर भारावले. म्हणून त्यांनी वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, जोरात. आणि पुढं भर घातली, की पुढच्या वर्षी गरज पडली तर मी पुन्हा मुंडकं उडवीन.

मग तुम्ही काही वाचवू शकला नाहीत. हसू आलं ते माईकमधून आलं. सगळ्या मैदानानं ऐकलं. पाहुणेही फुटले. पोरांना काही कळलं नव्हतं, पण हेडमास्तर हसून राहिले म्हणून तीही हसली. साहेब उभे होते, हातात कागद, आणि त्यांना हळूहळू समजत होतं की हे कौतुकाचं हसू नाही.

पुढच्या सोमवारी प्रभार दुसऱ्या सरांकडे गेला.

तुम्ही लूनावरून घरी आलात, कोट काढून खुंटीला टांगला आणि मला म्हणालात, "सूनबाई, साहेबानं आज शब्दाचा खरा अर्थ पाह्यला डिक्शनरीत. बिहेड केलं मले." हसण्याचा प्रयत्न केलात. हसू आलं नाही.

आत्याबाईंनी भांडी आपटली. "हेडमास्तरकी गेली ते गेली, वरतून दात काढून राहिले! कोनता शब्द हाये वो तो, अवदसेचा? या घरात पुन्हा त्याचं नाव काढाचं नाही!" अर्थ तर त्यांनी मला पाहायला आल्या तेव्हाच ऐकला होता. स्टेजवर नेमकं काय बोलणं झालं, ते मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना एवढंच माहीत होतं, की सुनेनं एकोडीच्या अंगणात एक शब्द काढला आणि त्या शब्दानं नवऱ्याची खुर्ची खाल्ली. महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. भाजीत मीठ जास्त झालं तर म्हणायच्या, "इंग्रजी झालं आज."

मग साहेबांचा निरोप आला. सरांनी घरी येऊन माफी मागितली तर विषय मिटवून टाकू. तुम्ही दोन चकरा अंगणात मारल्या आणि मला विचारलं, "तुले काय वाटते? मागू का?"

"मागा ना मामाजी," मी म्हणाले. "हसल्याचीच तं माफी आहे. चोरी थोडीच केली."

"मंग तू बी चाल. खरी आरोपी तूच होय."

आपण गेलो. साहेबांच्या बैठकीत मोठा सोफा, मधे काचेचा टेबल. साहेबांच्या पत्नीनं चहा आणला आणि आमच्या शेजारीच बसल्या. तुम्ही हात जोडले. खरंच मनापासून जोडले, मी साक्षीदार आहे. "साहेब, त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. पाहुण्यांसमोर मी हसायला नको होतं."

साहेब मऊ झाले. "जाऊ द्या सर. मले फक्त येवढं समजत नाही का त्यात हसण्यासारखं काय होतं? आता मले समजलं का त्याचा अर्थ मुंडकं उडवणे होते. पण वाक्य तं व्याकरणानं बरोबर होतं ना?"

"व्याकरणानं एकदम बरोबर होतं, साहेब."

"मंग? मी म्हटलं काय शेवटी? सांगा बरं मराठीत."

मी तुमच्या कोटाची बाही ओढली. तुम्ही ऐकलं नाहीत. शिक्षक माणूस, प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय. "तुम्ही म्हटलं, साहेब, का मी चोपकर सरांचं मुंडकं उडवलं, आणि तेव्हापासून ते शाळा..." इथपर्यंत नीट गेलं. "...शाळा फार चांगली..." आवाज चिरकला. आणि तेवढ्यात साहेबांच्या पत्नीच्या तोंडातून चहाचा फवारा उडाला, थेट काचेच्या टेबलावर. त्या अशा हसायला लागल्या की सोफ्याचा हात धरावा लागला. "म्हंजे बिना मुंडक्याचे मास्तर!" त्या म्हणाल्या. मग तुम्ही. मग, मी कबूल करते, मी. त्या बैठकीत न हसणारा एकच माणूस होता, आणि हेडमास्तर ठरवायचा अधिकार त्याच्याकडे होता.

परत येताना तुम्ही लूना हातानं ढकलत चालत होता. मला वाटलं, पेट्रोल संपलं. पेट्रोल होतं. हायवेवर ट्रक जात होते आणि तुम्ही कडेनं चालत राहिलात. मग म्हणालात, "खुर्चीचं नाही वाटत मले, सूनबाई. ते दोन वर्ग गळून राहिले. ते तेवढं राहून गेलं."

मी मागून लूनाला हात लावला.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या हेड सरांनी टिना टाकल्या. तुम्ही त्या दिवशी पेढे घेऊन शाळेत गेलात, शिडी लावून वर चढलात आणि उतार बरोबर पडला की नाही ते पाहून आलात. घरी येऊन आत्याबाईंना म्हणालात, "बरोबर बसवलं छप्पर." आत्याबाई म्हणाल्या, "तुमचं नाव कुठी लिहलं त्याच्यावर?" तुम्ही म्हणालात, "पाणी नाव वाचून गळत नाही." त्या उठून आत गेल्या.

तुम्ही प्रभारी राहिला नाहीत, पण रिकामे बसला नाहीत. तुम्ही मला धरलं. "जिच्यापायी माझी हेडमास्तरकी गेली, तिनंच ते भरून काढावं," असं म्हणून तुम्ही माझा बी.एड.चा अर्ज आणला. विलास म्हणाला, घरचं कोण पाहील? तुम्ही म्हणालात, "मी पाहीन." आणि पाहिलं. मी भंडाऱ्याच्या बसमध्ये बसायची आणि तुम्ही आमच्या चिंगीला मांडीवर घेऊन वह्या तपासायचात. तिनं पहिला शब्द 'आई' म्हटला नाही, 'राँग' म्हटला.

मी इंग्रजीची शिक्षिका झाले आणि आपलं खरं भांडण सुरू झालं. 'बी' देतो की घेतो? बिफ्रेंडमध्ये मित्र देतो. बिहेडमध्ये डोकं घेतो. एकाच उपसर्गानं असं वागावं का? तुमचं म्हणणं, ही इंग्रजांची चूक आहे, कोणीतरी घाईत तलवार चालवली आणि तसाच घाईत शब्द बनवला. तुम्ही डिकॅपिटेटच्या बाजूचे, त्याचाही अर्थ मुंडकं उडवणेच. लॅटिनचा 'कापुत' म्हणजे डोकं, 'डी' म्हणजे वरून खाली, काढून. साफ हिशेब. त्याच कापुतवरून कॅप्टन, त्यावरूनच कॅपिटल. तुम्ही वर्गात हे सांगितलं तेव्हा प्रमोदच म्हणाला होता ना, "सर, कापुत तं आपलीच मराठी झाली. कापू!" लॅटिन भाषा मूळची साकोलीकडची, असं त्या बॅचला बरेच दिवस वाटत होतं.

मी म्हणायची, चूक कसली? आपण काटा काढतो तेव्हा तो जातो, चित्र काढतो तेव्हा ते येतं. मास्तरकी घालवून तुम्ही दात काढता तेव्हा तर ते जातही नाहीत आणि येतही नाहीत, नुसते दिसतात. एका 'काढणे'नं आपण इतकी कामं करून घेतो, मग इंग्रजांच्या 'बी'नं दोन केली तर तुम्हाला काय त्रास? त्या दिवशी तुम्ही जेवताना बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता बाहेर येऊन म्हणालात, "पण काढणे क्रियापद आहे. बी उपसर्ग आहे. तुलना चूक." आणि परत आत गेलात.

हे सगळं आत्याबाईंच्या माघारी, कारण तो शब्द घरात बंद होता. त्या देवळात गेल्या की आपण सुरू व्हायचो. त्या फाटकाशी दिसल्या की तुम्ही म्हणायचात, "हां, तं पाऊस यंदा बरा आहे."

आणि तुमचा तो खेळ. इंग्रजी पेपरातल्या कोड्यात तुम्हाला सापडलं होतं, की शब्दाचं पहिलं अक्षर उडवण्यालाही बिहेड करणंच म्हणतात. मग तुम्ही मराठी शब्दांची मुंडकी उडवत सुटलात. आत्याबाईंसमोर खेळता यावा म्हणून त्याला 'टोपी काढणे' असं नाव दिलंत. पगाराची टोपी काढली की गार. आरामाची काढली की राम. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात घालून घरी आलात आणि दारातच म्हणालात, "सूनबाई, मामाजीची टोपी काढ." मी काढली. माजी. तुम्ही म्हणालात, "बस. आजपासून तेच." आत्याबाईंचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं. जिल्हा फुटल्यावर ते गोंदियात गेलं. भंडाऱ्याचं डोकं तिकडं गेलं की धड, यावर तुम्ही त्यांच्याशी भांडायचात. त्या म्हणायच्या, "डोकं तिकडं गेलं. म्हनून तं इकडं असे लोक राह्यले."

मागल्या वर्षी मी हेड झाले. खरी, प्रभारी नाही. ऑर्डर घेऊन घरी आले तेव्हा तुम्ही अंगणात बसला होता. तुम्हाला तेव्हा चालताना दम लागत होता. मी पाया पडले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला, इकडं तिकडं पाहिलं, आत्याबाई नाहीत याची खात्री केली आणि कानाजवळ येऊन म्हणालात, "बिहेड झाली!" मग म्हणालात, "तुझाच अर्थ बरोबर होता. कोश मागं राहिला." तुमचे डोळे भरले होते. मी चष्मा पुसत बसले. आपण दोघंही त्या वेळी 'पाऊस बरा आहे' म्हणालो असतो तर बरं झालं असतं, पण उन्हाळा होता.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुम्हाला बोलणं जड जात होतं. नर्सबाई पलंगाचा दांडा दाखवत वॉर्डातल्या मावशींना सांगत होत्या, "बाबांचं हेड वर करा." तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, काही सांगायचं आहे. विलासबद्दल, घराबद्दल. तुम्ही म्हणालात, "बी... शोधलं काय?"

"शोधते, मामाजी."

"नीट शोध. चुकीचं असन तं सांगू नको."

मी पाणी आणायला गेले. तुमच्याशी बोलण्याची ती शेवटची वेळ, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी काय बोलले असते? तुम्ही मला शिकवलंत, मला उभं केलंत, माझ्या चुकीला हसून मला घरात घेतलंत, असं? तुम्ही म्हणाला असता, "वाक्य लांब झालं."

तेरवीनंतर मी भंडाऱ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि तो जाडा कोश काढला. मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला आहे, मामाजी, डिकॅपिटेट त्यांच्याकडे यायच्या कितीतरी आधीचा. हा 'बी' म्हणजे आपल्या ओळखीच्या 'बाय'चाच भाऊ. आधी त्याचा अर्थ जवळ, भोवती. मग भोवतीचा झाला सगळीकडून, पुरतं. नामाला लागला की तसं करणं, तसं बनवणं, हे माझ्या बाजूचं. पण मोजक्या जुन्या शब्दांत त्याचा अर्थ पासून, वेगळं, काढून असा होता. ते शब्द एकेक करून मेले. बिहेड राहिला. चूक कोणाची नाही. तो तेव्हापासून देतोही आणि घेतोही. आपण दोघं अर्धे अर्धे बरोबर होतो, म्हणजे तुमच्या मार्क देण्याच्या पद्धतीनं दोघंही नापास.

आणि त्याच पानांत, थोडं पुढं, प्रमोदला हवा होता तो शब्द होता. बिरीव्ड. त्यातल्या 'रीव्ह'चा जुना अर्थ लुटणं, ओरबाडून नेणं. म्हणजे ज्यांचं कोणी गेलं ते लुटलेले. मी ते वाचलं आणि कोश बंद केला. ग्रंथपाल मॅडमनी विचारलं, "सापडलं का?" मी मान हलवली. त्या दिवशी विहिरीजवळ जे आलं नव्हतं, ते तिथं, त्या टेबलापाशी आलं.

काल दुपारची गोष्ट सांगते आणि थांबते. पाहुणे गेले आहेत. आत्याबाई ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी शाळेतून येऊन बाजूला बसले. त्या वर न पाहता म्हणाल्या, "त्या पोट्ट्याच्या फ्लेक्सवर पांढरी पट्टी कायची होती?"

मी म्हणाले, "चूक झाली होती छपाईत."

"तोच शब्द होता न?"

मी सुपातला एक खडा वेचला.

"तुमी दोघं समजत होते मले समजत नाही. देवळातून आली का पाऊस बरा हाये. उन्हाळ्यात बी पाऊस बरा हाये." त्यांनी सूप खाली ठेवलं. "काय म्हनलं होतं वो त्या साहेबानं? येवढे वर्स झाले, मले कोनी धड सांगतलंच नाही."

"तुम्ही विचारलंच नाही, आत्याबाई."

"रागात होती मी. मंग राग गेला, तं इचाराची लाज वाटली. आता सांग."

मग मी सांगितलं. स्टेज, कोट, पाहुणे. साहेबांचं वाक्य मराठीत, जसंच्या तसं. मग त्यांनी ते दुसऱ्यांदा जोरात म्हटलं तेही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा करीन म्हणाले तेही. आत्याबाई ऐकत होत्या. तोंडावर काही नाही. मला वाटलं, चुकलं माझं, आत्ताच का सांगितलं.

"पुढच्या वर्सी पुन्हा?" त्या म्हणाल्या.

"हो."

"येकदा उडवल्यावर?"

"हो, आत्याबाई."

त्यांनी पदर तोंडाला लावला. सूप कलंडलं, डाळ ओसरीभर झाली. त्या भिंतीला टेकून हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि शेजारीण कंपाउंडवरून डोकावून पाहत होती, की या घरात नेमकं चाललंय काय. बऱ्याच वेळानं त्यांना श्वास घेता आला.

"मीबी हासली असती वो," त्या म्हणाल्या. "त्यायच्या जागी मी असती तं मीबी हासली असती." मग पदरानं डोळे पुसत, सांडलेली डाळ गोळा करत, हळूच म्हणाल्या, "हे त्यायले सांगाचं राह्यलं."

म्हणून सांगते आहे, मामाजी.